मीडियम वेव्हवर अजून जागा आहे

(सबाह अल-सालेम येथे शुक्रवारच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण. बोलण्यातलं पाल्हाळ थोडं छाटलं आहे, सगळं नाही.)



मागच्या बैठकीत विषय ठरत होते तेव्हा मला सांगण्यात आलं, "तुम्ही इंजिनिअर आहात, या वेळी जरा तांत्रिक काहीतरी बोला, राजकारण नको." मी लगेच हो म्हटलं. आता अर्ध्या तासात तुमच्या लक्षात येईल की रेडिओवर राजकारण टाळून बोलणं हे समोशातला बटाटा टाळून समोसा खाण्यासारखं आहे.

हा समोर टीपॉयवर ठेवलेला ट्रान्झिस्टर माझ्या आईचा. वयाने आपल्यातल्या निम्म्या लोकांपेक्षा मोठा आहे. त्याची कथा नंतर येईल. आधी एक प्रयोग करू. हा एफएमचा बँड. मी काटा ८८ पासून १०८ पर्यंत फिरवतो, ऐका. दर दोन बोटांवर स्टेशन आहे. अरबी गाणी, इंग्रजी गाणी, कुराणपठण, जाहिराती, परत गाणी. काही ठिकाणी दोन स्टेशनं एकमेकांच्या अंगावर चढली आहेत. आता बटण मीडियम वेव्हवर सरकवतो. काय ऐकू येतं? बरोबर, खरखर. सगळ्यांना वाटलं असेल, संपला हा बँड, मेला. आता जरा त्या दोन ट्यूब बंद करा, आणि भिंतीतला तो मोबाइलचा चार्जरही काढा. ऐका आता. खरखर किती उतरली! आणि मागे तो आवाज येतोय तो फारसी आहे, इराणचा, खाडीच्या पलीकडून. रेडिओ असा आडवा फिरवला की तो जातो आणि दुसरा अरबी येतो. म्हणजे बँड मेलेला नाही. आपण घरात इतका विजेचा कचरा करून ठेवलाय की त्याचा आवाज आपल्यापर्यंत पोचत नाही, एवढंच. (ट्यूब लावा परत, नाहीतर मागच्या रांगेतले झोपतील.)

एएम, म्हणजे मीडियम वेव्ह, हा माझ्या पिढीचा पहिला रेडिओ. तरुण मंडळींसाठी थोडं शास्त्र. आपल्याकडे मीडियम वेव्ह साधारण ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ, दर ९ किलोहर्ट्झला एक जागा, म्हणजे १२० जागा. एफएमची लाट सरळ रेषेत जाते, डोंगर आला की अडते. मीडियम वेव्हची लाट जमिनीला धरून सरकते, आणि खाऱ्या पाण्यावरून तर फारच लांब जाते. शिवाय सूर्य मावळला की वातावरणातला तिला शोषून घेणारा थर नाहीसा होतो आणि ती वरून परावर्तित होऊन शेकडो मैलांवर उतरते. म्हणून दिवसा न लागणारी लांबची स्टेशनं रात्री तुम्हाला ऐकू येतात. आवाजाचा दर्जा एफएमपेक्षा कमी हे खरं. व्हायोलिन ऐकायला मीडियम वेव्ह नकोच. पण माणसाचं बोलणं ऐकायला ती पुरते, आणि मला आज बोलण्याबद्दलच बोलायचं आहे.

मी कुवेतला १९८८ साली आलो. २ ऑगस्ट १९९० ला, गुरुवार होता, आम्ही चौघे जण फहाहीलमध्ये एका खोलीत राहत होतो. आंतरराष्ट्रीय फोन तुटले. टीव्हीवर जे दिसत होतं त्यावर विश्वास ठेवायचा की नाही कळत नव्हतं. मग राहिला रेडिओ. शॉर्टवेव्हवर बीबीसी हिंदी आणि उर्दू, कधी कधी दिल्ली. आणि मीडियम वेव्हवर एक विलक्षण प्रकार होता. बगदाद अगदी खणखणीत यायचं आणि सांगायचं की सगळं आलबेल आहे, कुवेत घरी परतलं. काही दिवसांनी काटा थोडा सरकवला की सौदीतून बोलणारा कुवेत रेडिओ. दोन सरकारं, एकच बँड, मध्ये चार बोटांचं अंतर. आमच्यापैकी कुणालाच धड अरबी येत नव्हतं. शेजारी एक मल्याळी भाई होते, पंधरा वर्षं इथे काढलेले. ते ऐकून आम्हाला मोडक्या हिंदीत सांगायचे. बसरा, बगदाद, अम्मान असा बसचा रस्ता आहे आणि अम्मानहून एअर इंडियाची विमानं सुटताहेत, हे पहिल्यांदा कानावर आलं ते त्यांच्याकडून. त्या वेळी अम्मानमार्गे एक लाखाहून जास्त भारतीय घरी गेले. त्यांत मीही होतो, सप्टेंबरात.

हे सांगतोय ते मीडियम वेव्हची आरती ओवाळायला नाही. खोटं बोलायलाही तिचाच उपयोग झाला. आणि पुढे २००२ नंतर अमेरिकेने याच कुवेतच्या वाळवंटातून मीडियम वेव्हवर 'रेडिओ सावा' अरबीत ऐकवला, 'रेडिओ फर्दा' फारसीत इराणसाठी. सीमा ओलांडून माणसाच्या स्वयंपाकघरात शिरायचं असेल तर काय लागतं हे बलाढ्यांना चांगलं कळतं. प्रश्न आहे की ते दुबळ्यांना का मिळू नये.

याचं उत्तर आखातातच एका समाजाने शोधलं होतं, आणि तो समाज आपला नव्हे. अमिरातीत एफएम हळूहळू अरबी आणि इंग्रजीने, मग हिंदी गाण्यांनी भरत गेला. तिथल्या मल्याळी लोकांनी मीडियम वेव्ह पकडली. १२६९ वर 'रेडिओ एशिया', ६५७ वर 'एशियानेट रेडिओ', आणि २०१२ मध्ये ८१० वर 'प्रवासी भारती'. बातम्या मल्याळममध्ये, नोकरीच्या फसवणुकीबद्दल चर्चा, व्हिसाच्या नियमांचे खुलासे, हरवलेल्या माणसांच्या चौकश्या. ज्या माणसाकडे एसी गाडी आहे त्याच्यासाठी हे नव्हतं. लेबर कॅम्पमधल्या खाटेवर उशीजवळ जो छोटा सेट असतो त्याच्यासाठी होतं. माझ्या आधीच्या इमारतीचा हारिस केरळचा होता. हिवाळ्यात रात्री जिन्याखालच्या त्याच्या खोलीतून अमिरातीचं स्टेशन ऐकू यायचं, मध्येच विरायचं, परत यायचं. इथून अबूधाबी आठशे किलोमीटरहून लांब, मध्ये सगळं खाडीचं पाणी.

आपण मराठी लोकांनी असं काही का केलं नाही? आपण संख्येने कमी, हे एक कारण. पण खरं सांगू का, आपण गणेशोत्सवाला ढोल-ताशा मागवतो, नाटक आणतो, आणि आपल्यातला जो साइटवर काम करतो त्याला त्या नाटकाचं तिकीट परवडतं का हे विचारत नाही. रेडिओ हे त्याला परवडणारं माध्यम होतं. आपल्याला ते सुचलं नाही. हे मी स्वतःलाही म्हणतोय, मी सदतीस वर्षं इथे आहे आणि व्यवसायाने याच क्षेत्राजवळचा आहे.

आता मुंबईकडे येऊ, कारण माझा खरा मुद्दा तिथला आहे.

२३ जुलै १९२७ ला मुंबईचं केंद्र लॉर्ड आयर्विनच्या हस्ते सुरू झालं. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी, खासगी होती बरं का. तीन वर्षांत ती बुडाली आणि सरकारने रेडिओ हातात घेतला, १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आलं. स्वातंत्र्यानंतर या खात्याचे मंत्री आपले बाळकृष्ण केसकर. त्यांनी चित्रपटसंगीत रेडिओवरून जवळजवळ हद्दपार केलं आणि अख्खा देश रेडिओ सिलोन ऐकायला लागला. सरकारने काय ऐकावं हे ठरवलं की लोक काटा फिरवतात, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली. पण त्याच मंत्र्यांच्या काळात, त्याच मीडियम वेव्हवर, १९५५-५६ मध्ये पुणे केंद्राने वर्षभर 'गीतरामायण' केलं, हेही विसरून चालणार नाही. केंद्र दीड वर्षाचं होतं फक्त! आठवड्याला एक नवं गीत, माडगूळकर लिहिताहेत, फडके चाल लावताहेत. आज कुठल्या एफएमवाल्याला हे सुचेल, सांगा.

मुंबईच्या मीडियम वेव्हवर ५५८ ला अस्मिता वाहिनी आणि १०४४ ला संवादिता. कामगार, शेतकरी, कोळी, महिला, मुलं, सगळ्यांसाठी कार्यक्रम. काही अतिशय कंटाळवाणे, काही फार चांगले. ते असो. १२० जागांपैकी एका शहरात शेजारशेजारच्या घेता येत नाहीत. समजा दर चौथीच घेतली, तरी तीस होतात. दूरच्या स्टेशनांचा विचार करून त्यातल्या निम्म्या गाळा, तरी पंधरा उरतात. आकाशवाणीने मुंबईत त्यातल्या दोन-तीनच वापरल्या. बाकीच्या? रिकाम्या. शंभर वर्षं होत आली, भारतात सरकारशिवाय कुणाला मीडियम वेव्हवर बोलायची परवानगीच नाही. खासगीवाल्यांना फक्त एफएम.

आणि एफएमवर काय परिस्थिती आहे? ८८ ते १०८ म्हणजे २० मेगाहर्ट्झ. दोन स्टेशनांत ८०० किलोहर्ट्झ अंतर ठेवायचं म्हटलं तर फार तर पंचवीस जागा. ट्रायने मध्यंतरी हे अंतर निम्मं करा असं सुचवलं होतं, म्हणजे गर्दी किती आहे पाहा. २०१५ च्या लिलावात मुंबईची एक फ्रिक्वेन्सी सव्वाशे कोटी रुपयांच्या आसपास गेली. जो इतके पैसे मोजणार तो त्यावर शेतमजुरांची चर्चा ऐकवेल का? तो तेच वीस गाण्यांचं रतीब घालणार आणि मध्ये बिल्डरची जाहिरात. त्यात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी. फार झालं तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायचं. वर्तमानपत्र कुणीही काढू शकतो, टीव्हीवर चोवीस तास आरडाओरडा चालतो, पण रेडिओवर बातमी फक्त सरकारची. सगळ्यात गरीब माणसापर्यंत पोचणारं जे माध्यम, नेमकं तेच बंद डब्यात.

इथे आपल्या न्यायमूर्ती पी. बी. सावंतांची आठवण काढलीच पाहिजे. ९ फेब्रुवारी १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. खटला कसला, तर क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा! बंगालची क्रिकेट संघटना विरुद्ध केंद्राचं माहिती व प्रसारण खातं. सावंत त्या खंडपीठावर होते आणि त्या निकालाने सांगितलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर ना सरकारची मक्तेदारी असावी ना पैसेवाल्यांची. त्या निकालाचा पहिला अर्धा भाग आपण अमलात आणला, तोही अर्धवट: सरकारची मक्तेदारी मोडून काही लहरी पैसेवाल्यांना विकल्या. दुसऱ्या अर्ध्या भागाचं काय?

दुसऱ्या अर्ध्या भागासाठी कम्युनिटी रेडिओ आहे, असं उत्तर मिळतं. आहे, आणि ती चांगली गोष्ट आहे. २००२ साली फक्त शिक्षणसंस्थांना आणि नोव्हेंबर २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही परवाना मिळू लागला. म्हसवडला माणदेशी तरंग २००८ पासून चालू आहे, माणच्या दुष्काळी पट्ट्यातल्या बायकांच्या बोलीत. देशभरात आता अशी पाचशेच्या वर केंद्रं आहेत. पण ती एफएमवर, १०० वॉटच्या मर्यादेत, दहा-पंधरा किलोमीटरसाठी. सपाट माळावर ठीक आहे. कोकणात एक डोंगर मध्ये आला की आवाज गेला. आणि मुंबईसारख्या शहरात, जिथे शंभर भाषा आणि हजार वस्त्या आहेत, तिथे त्यांच्या वाट्याला एफएमच्या अशा किती जागा येणार? धारावीला एक हवी, गोवंडीला एक, कोळीवाड्यांना एक, घरकामगारांना एक. बँडच संपतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. मीडियम वेव्ह मोकळी आहे, ती अशा लोकांसाठी उघडा. छोट्या ताकदीचे परवाने द्या, लिलाव न करता.

हे स्वप्नरंजन नाही. नेदरलँड्समध्ये २०१५ साली सार्वजनिक रेडिओने ७४७ किलोहर्ट्झचा मोठा ट्रान्समीटर बंद केला. त्यानंतर तिथल्या सरकारने रिकामी मीडियम वेव्ह छोट्या लोकांना दिली, एक वॉटपासून शंभर वॉटपर्यंत. शेवग्याच्या शेंगेएवढ्या गावात माणसं आपल्या परसात तार उभी करून स्टेशन चालवतात. डेन्मार्कमध्येही असंच आहे, कोपनहेगनजवळ १४४० वर एक हौशी स्टेशन आहे, ९२७ वर दुसरं. इंग्लंडमध्ये विद्यापीठं आणि इस्पितळं एक वॉटवर आपल्या आवारापुरता एएम रेडिओ चालवत आली आहेत.

आणि इंग्लंडची त्याहून महत्त्वाची गोष्ट १९८० च्या दशकातली. तिथली व्यापारी स्टेशनं एकच कार्यक्रम एफएमवर आणि एएमवर दोन्हीकडे लावायची. सरकारने सांगितलं, दोन्हीकडे वेगळं काहीतरी करा, नाहीतर एएम परत द्या. त्या धोरणातून आणि सोबत निघालेल्या जादा परवान्यांतून १९८९ मध्ये पश्चिम लंडनमध्ये 'सनराइज रेडिओ' आला, आशियाई लोकांसाठी चोवीस तास, एएमवर. त्यानंतर वर्षभरात 'स्पेक्ट्रम रेडिओ', अनेक स्थलांतरित समाजांसाठी, ५५८ किलोहर्ट्झवर. आपल्या अस्मिता वाहिनीचाच आकडा! त्याआधी लेस्टरमध्ये बीबीसीच्या स्थानिक केंद्राने १९७६ पासून पूर्व आफ्रिकेतून आलेल्या भारतीयांसाठी कार्यक्रम सुरू केला होता. अमेरिकेतही सॅन होजेच्या ११७० एएमवर कित्येक वर्षं हिंदी रेडिओ चालला. सगळीकडे तोच नमुना आहे. श्रीमंत एफएमवर गेले, रिकाम्या झालेल्या जुन्या घरात स्थलांतरित राहायला आले. आपल्या गिरगावच्या चाळींसारखं उलटं म्हणा हवं तर.

उलट दिशेने गेलेल्यांचं काय झालं तेही सांगतो. ब्राझीलने २०१३ साली एएम स्टेशनांना एफएमवर जायची मुभा दिली. साव पावलोसारख्या शहरांत एफएमवर जागाच नव्हती. मग ८८ च्या खाली ७६ पर्यंत बँड वाढवायला लागला आणि तो पकडणारे रेडिओ लोकांकडे नव्हते. अमेरिकेने २०१५ मध्ये 'एएमचं पुनरुज्जीवन' म्हणून धोरण जाहीर केलं, आणि उपाय काय, तर एएमवाल्यांना एफएमचे छोटे पुनःप्रक्षेपक द्यायचे. म्हणजे म्हाताऱ्याला बरं करण्यासाठी त्याच्या मुलाला औषध पाजायचं. तिथे आता तंटा वेगळाच आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोटारीमुळे एएमवर खरखर येते म्हणून काही कंपन्यांनी गाडीतून एएमच काढून टाकला. २०२३ मध्ये फोर्डने तसं ठरवलं आणि ओरडा झाल्यावर दोन महिन्यांत माघार घेतली. आपत्तीच्या वेळी सरकारचे इशारे त्याच बँडवरून जातात, हे तिथल्या लोकप्रतिनिधींच्या लक्षात आलं.

आपत्तीवरून आता या ट्रान्झिस्टरची गोष्ट.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ. आमचं घर श्रीवर्धन तालुक्यात. दादा, वहिनी आणि आई तिथे, मी इथे. करोनाने विमानं बंद, इथे नुकतीच मे महिन्याची पूर्ण संचारबंदी संपून अर्धी राहिली होती. दुपारी एक वाजता दादाचा फोन झाला, "वारा सुटलाय, नंतर बोलतो," आणि त्यानंतर सहा दिवस काही नाही. मोबाइलचे टॉवर पडलेले, वीज नाही, आणि ती कित्येक दिवस येणार नव्हती. मी इथे या सोफ्यावर बसून यूट्यूबवर दिवेआगरच्या आडव्या पडलेल्या सुपारीच्या बागा पाहत होतो आणि त्यात आमची वाडी ओळखायचा प्रयत्न करत होतो.

सहाव्या दिवशी दादा दुसऱ्या गावी जाऊन फोन करू शकला. सगळे सुखरूप, कौलं गेली, बाग गेली. नंतर आईशी बोललो तेव्हा ती जे म्हणाली ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणाली, "पहिले दोन दिवस कोणी फिरकलं नाही रे. मला वाटलं आपल्याला विसरले. मग दादाने ह्यात सेल घातले. सकाळच्या बातम्यांत सांगितलं की सगळा किनारा झोपलाय, दापोलीपर्यंत. मग म्हटलं, विसरले नाहीत, पोचायला वेळ लागतोय." तिला मदत दोन दिवस आधी मिळाली असं काही झालं नाही. फक्त आपण एकटे नाही हे कळलं. वय त्र्याऐंशी होतं तिचं.

ते तिला कळलं कारण मुंबईची मीडियम वेव्ह समुद्रावरून तिच्यापर्यंत आली. दादाच्या मोबाइलमध्ये एफएम होता, पण मोबाइल मेलेला. आणि आमच्या घरामागे डोंगर आहे, तिथे एफएम चांगल्या दिवशीही नीट लागत नाही. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा समुद्रावर असलेल्या होड्यांचा विचार करा. किनाऱ्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर मोबाइल चालत नाही. मीडियम वेव्ह चालते.

आता आक्षेप. ते खोटे नाहीत, म्हणून थोडक्यात का होईना सांगतो. जागा लागते: ५५८ किलोहर्ट्झची लाट सुमारे ५३८ मीटर लांब, तिच्या चतुर्थांश उंचीचा मनोरा म्हणजे १३४ मीटर, शिवाय खाली जमिनीत तांब्याच्या तारांचं जाळं. आकाशवाणीचं मुंबईचं मीडियम वेव्हचं ठाणं मालाडला आहे. मालाडमध्ये तेवढ्या मोकळ्या जमिनीकडे कुणाकुणाचे डोळे लागलेले असतील हे तुम्हाला मी सांगायला नको. वीजही खूप लागते. १०० किलोवॉटचा जुना ट्रान्समीटर म्हणजे वीजबिलाचा राक्षस. पण मी १०० किलोवॉट मागत नाहीये. शंभर वॉटला एवढा मनोरा लागत नाही. खाली कॉइल घालून वीस-पंचवीस मीटरच्या खांबावर काम भागतं, कार्यक्षमता कमी होते पण एका वस्तीपुरतं, खाडीकाठच्या पाच गावांपुरतं पुरतं.

घरातली खरखर, ती तुम्ही मघाशी ऐकलीत. शहरात हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे आणि मला त्याचं पूर्ण उत्तर माहीत नाही. एलईडी आणि चार्जर किती आवाज करतात यावर नियम कडक केले तर फरक पडेल, पण ते काम वर्षांचं आहे.

डिजिटलचं उत्तर सरकारने शोधलं होतं, डीआरएम नावाचं. आकाशवाणीने पस्तीस मीडियम वेव्ह ट्रान्समीटर त्यासाठी तयार केले. आवाज एफएमसारखा स्वच्छ, एका लाटेवर दोन-तीन कार्यक्रम. तंत्र उत्तम आहे, मी स्वतः ऐकलंय. पण ते ऐकणारा रेडिओ कुठे आहे? काही नव्या गाड्यांमध्ये. खेड्यातल्या दुकानात तुम्हाला तो दिसणार नाही, आणि ऑनलाइन मागवला तर किंमत ऐकून शेतकरी टीव्हीच घेईल. लग्नाचा हॉल बुक केला आणि मुलगी बघायची राहिली, असा कारभार.

त्यामुळे आता वारं एफएमकडे आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने प्रसार भारतीसाठी अडीच हजार कोटींची योजना मंजूर केली, त्यात भर एफएमवर. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शंभर वॉटच्या ९१ एफएम ट्रान्समीटरचं एकदम उद्घाटन झालं. दुसरीकडे देशभरातले जुने मीडियम वेव्ह ट्रान्समीटर एकेक करून बंद होत गेले. नागपूरहून दहा लाख वॉटवर रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी २०१९ च्या सुरुवातीला बंद झाली. एफएम आला याचं मला दुःख नाही, लोकांना चांगला आवाज मिळू दे. पण आकाशवाणी ज्या घरातून बाहेर पडते आहे त्याला कुलूप लावून किल्ली समुद्रात टाकू नका. ते घर लोकांचं आहे, न्यायालयानेच सांगितलंय.

"हे सगळं मोबाइलवर होतं ना आता?" असं मघाशी डॉक्टर ताईंनी चहाच्या वेळी विचारलं. होतं, टॉवर उभा असेपर्यंत आणि सरकारची इच्छा असेपर्यंत. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ नंतर इंटरनेट महिनोन्महिने बंद होतं. रेडिओ ऐकणाऱ्याची नोंद कुठल्या सर्व्हरवर राहत नाही, कोण काय ऐकतंय हे कुणाला कळत नाही. आजच्या काळात ही काही लहान गोष्ट नाही.

आता कामाचं. २०२४ मध्ये ट्रायने डिजिटल रेडिओवर सल्लापत्र काढलं होतं, त्यात सगळी चर्चा खासगी एफएमवाल्यांच्या सोयीची. असं पत्र निघालं की कुणीही नागरिक लेखी म्हणणं मांडू शकतो, परदेशात राहणाराही. मी चार पानी मसुदा केला आहे. मागण्या तीनच आहेत: कम्युनिटी रेडिओच्या धोरणात मीडियम वेव्हचा समावेश करावा, किनारी जिल्ह्यांना त्यात प्राधान्य द्यावं, आणि बंद होणाऱ्या ट्रान्समीटरची जागा व मनोरे दहा वर्षं तरी विकू नयेत. तिसऱ्या मागणीवर आपल्यात मतभेद होणार हे मला माहीत आहे, कारण घरांसाठी जमीन हवी असं म्हणणारेही इथे आहेत आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. त्यावर वाद घालू. बातम्यांच्या बंदीचा मुद्दा घालावा की नाही, यावरही मी अडखळलोय. घातला तर अख्खं पत्र केराच्या टोपलीत जाईल असं एक मन म्हणतं, नाही घातला तर मग हे पत्र लिहायचं कशाला असं दुसरं.

मसुदा दाराजवळच्या टेबलावर आहे. टेलिकॉममध्ये काम करणाऱ्या दोघातिघांनी तो घरी न्यावा आणि जिथे माझं तंत्र कच्चं वाटेल तिथे लाल पेन चालवावं. पुढच्या शुक्रवारी परत भेटू, आमच्याकडेच. आणि येताना कुणाकडे जुना, चालणारा ट्रान्झिस्टर पडून असेल तर तो आणा. दादा या सुट्टीत येतोय, त्याच्याबरोबर परत पाठवायचे आहेत. वाडीत चौदा घरं आहेत, रेडिओ तीन.